नाव दारूबंदीचे, राज्य परवान्याचे!

‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण ज्या कोणी केली, त्याने आपल्या राज्याचा दारूबंदी कायदा पाहिला असण्याचा संभव नाही. पण त्या कायद्याला याहून चपखल म्हण मला तरी सुचत नाही. १९४९ साली तो ‘मुंबई दारूबंदी कायदा’ म्हणून जन्माला आला. आज त्याला ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ म्हणतात. आणि राज्यात आज जेवढी दारू राजरोस गाळली, विकली आणि प्यायली जाते, ती सारी याच दारूबंदी कायद्याखाली मिळालेल्या परवान्यावर!

सातारा-सांगलीच्या मुलखात माझे वरचेवर जाणे-येणे असते. कायदा झाला तेव्हा सांगली जिल्ह्याला ‘दक्षिण सातारा’ म्हणत. सांगली हे नाव १९६० साली मिळाले. त्या काळी बंदी खरीखुरी होती. इतकी, की बलसारा नावाच्या एका मुंबईकर गृहस्थांनी तिला आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ साली न्यायालयाने निकाल दिला : दारूवर बंदी घालण्याचा राज्याला अधिकार आहे, मात्र मद्यार्क असलेली औषधे आणि अत्तरपाणी यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. पुढे बंदी सैल होत गेली, पण कायद्याचे नाव तेच राहिले. आजही पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्याला पाच रुपये, देशीला दोन! तो खिशात बाळगणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे.

ही केवळ गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण ‘मुळात मनाई, मग मेहेरबानी’ या रचनेचे परिणाम फार खोल जातात. दारूचा धंदा करणे हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे दुकानदार धंदा करतो तो सरकारच्या मर्जीवर. मर्जी फिरली की सारेच फिरते.

पुणे-बंगळूर महामार्गाचेच पाहा. सातारा, कराड, पेठनाका अशी वाट धरून हा रस्ता दोन्ही जिल्ह्यांतून जातो. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा हुकूम दिला. रस्त्यावरचे अपघात थांबावेत, हा हेतू. मार्च २०१७ च्या अखेरीस वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आले आणि त्याच वर्षीच्या जुलैत पालिका हद्दीतील दुकानांना त्यातून मोकळीक मिळाली. एका वर्षाच्या आत तीन निरनिराळे नियम! वेटर आणि आचारी यांच्या घरी त्या दिवसांत काय चालले असेल, याची कल्पना करावी.

आता पलूसला चला. द्राक्षाला उठाव मिळावा म्हणून २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढायचे ठरले. राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला अबकारी करातून सूट मिळाली. नाशिकचे नाव देशभर गाजले, पलूसचे तेवढे गाजले नाही. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला मान्यता दिली. लगेच गदारोळ झाला, अण्णा हजारे उपोषणाची भाषा बोलले आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. त्या भागातला एक बागायतदार मला म्हणाला, “आवं पाव्हणं, द्राक्षं पिकवली तर आमी शेतकरी, आन् त्याचाच रस मुरवला तर दारूवालं. मग सरकारनं पार्क काढला तो कुनासाठी?” मला उत्तर देता आले नाही.

पण नाण्याची दुसरी बाजू कराड-पाटणकडच्या खेड्यांत दिसते. तिथल्या बायांना हा वाद ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे ती आडवी बाटली. २००८ सालच्या नियमाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की सह्यांची तपासणी होते आणि मग गुप्त मतदान होते. चिठ्ठीवर दोन चिन्हे : दुकान राहू दे म्हणणारीला उभी बाटली, बंद करा म्हणणारीला आडवी. ऐकायला किती सोपे!

मेख पुढे आहे. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते लागतात, पण ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या! लग्न होऊन सासरी गेलेली, नवऱ्याबरोबर मुंबईला राहणारी, इतकेच काय, मरण पावूनही यादीत उरलेली, या साऱ्या जणी नकळत उभ्या बाटलीच्या बाजूला मोजल्या जातात. आमदार-खासदार मात्र झालेल्या मतांवरच निवडून येतात!

परवानाधारकाचेही एक म्हणणे आहे. त्याने दरसाल फी भरलेली असते. एका लाटेसरशी दुकान उडू नये, असे त्याला वाटणे चूक नाही. पण सरकारचे काय? जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचा अबकारी कर उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केला, तेव्हा वर्षाकाठी चौदा हजार कोटींची जादा भर अपेक्षित होती. म्हणजे न्यायनिवाडा करणारा पंचच या व्यवहारातला भागीदार!

शहरातल्या आपल्या मंडळींना एक दिलासा मिळाला आहे. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे बिअर वा दारूचे दुकान काढायचे तर संस्थेचे ना-हरकत पत्र लागेल, असे सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले. आपल्या जिन्याखाली काय विकले जावे, हे आपल्याला विचारले जाणार. उत्तम! तोच मान खेड्यातल्या बाईला का नसावा? दारू असावी की नसावी, यावर घरोघरी मतभेद असतील. पण द्राक्षवाल्याला एकदाच काय ते खरे सांगावे, आणि आडवी-उभीचा निवाडा जी बाई रांगेत उभी राहिली तिच्या मताने करावा. जी आलीच नाही, तिच्या नावाने बाटली उभी ठेवणे थांबले, तरी पुष्कळ झाले.