गाणे आपल्या पोराचे, नाव भलत्याचेच!

गेल्या हंगामातली गोष्ट. गाडीतळावर रात्री गाड्या नंबरला लागलेल्या. काट्यावर खोळंबा, माणसे शेकत बसलेली. एका ट्रॅक्टरवाल्याच्या मोबाइलवर गाणे चालू होते. हलगीचा ठेका आणि त्यावर कोवळा, पण खणखणीत आवाज. आमच्याही मोबाइलवर ते दोन-तीनदा येऊन गेलेले. "कुणाचं रे हे?" विचारले तर कुणालाच सांगता येईना. व्हिडिओवर भलत्याच कुणाचे नाव ठोकलेले. चार दिवसांनी कळले की पोरगा आपल्याच कार्यक्षेत्रातला, बाप आपला सभासद. शब्द पोराचे, चालही त्याचीच. गावोगाव गाणे फिरले, पण पोराच्या हाती दमडी नाही.

सभासद बंधूंनो, आपल्या फडातला ऊस दुसऱ्याच्या नावावर काट्यावर चढला तर आपण गप्प बसू काय? थेट चेअरमनसाहेबांच्या केबिनपर्यंत जाऊ. या पोराला मात्र स्लिप मागायची असते हेच कुणी सांगितले नव्हते.

आपला जिल्हा गाण्याला नवा नाही. शाहीर राम जोशी सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे, प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे. शिंद्यांचा आवाज रेकॉर्डवरून, पुढे कॅसेटवरून घरोघर गेला. पण त्या काळी आधी कंपनीचे दार उघडावे लागे. आता ती अडचण उरली नाही. २०२२ साली नगर जिल्ह्यातल्या जयेश खरे या शाळकरी मुलाने 'चंद्रमुखी' चित्रपटातले गाणे म्हटले. तो व्हिडिओ लोकांनी एकमेकांना धाडला, धाडता धाडता अजय-अतुल यांच्यापर्यंत पोचला आणि २०२३ च्या 'महाराष्ट्र शाहीर' चित्रपटात त्यांनी या मुलाला गायला लावले. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे 'गुलाबी साडी' २०२४ साली आले, ते तर कुठल्या सिनेमातलेही नव्हते. तरी वरातीत ते वाजले नाही असे गाव दाखवा!

या दोघांची नावे गाण्याबरोबर गेली. आमच्या पोराचे तिथेच हुकले.

आता यातला हिशेब समजून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या व्हिडिओचा गाणाऱ्याला एक पैसाही येत नाही. यूट्यूबवर त्याच्या स्वतःच्या चॅनेलवर ऐकले तरच ते त्याच्या खाती जमा होते. जाहिरातीचा वाटा मिळायला किमान १००० जणांनी चॅनेल सबस्क्राइब केलेले असावे लागते (याला पैसे पडत नाहीत, उगाच भिऊ नका) आणि १२ महिन्यांत ४००० तास ते पाहिले जावे लागते. तोकड्या शॉर्ट्सचे तास यात धरत नाहीत, म्हणून गाणे पुरते ऐकावे. आणि दुसऱ्याने उचलून आपल्या नावावर चढवले असेल तर मूळ मालकाला तक्रार करून ते उतरवता येते. त्यासाठी कॉपीराइटची नोंदणी केलेलीच हवी असेही नाही. गाणे रचले की हक्क रचणाऱ्याचा. आमच्या शेतकी खात्यातल्या एका कारकुनाने पोराला शेजारी बसवून अर्ज भरून दिला. आठवड्याभरात तो व्हिडिओ उतरला.

मग हंगाम सांगतेला त्याचा कार्यक्रम ठेवायचे निघाले. आमच्यातलेच एक जण म्हणाले, "घरचाच पोरगा आहे, बिदागी कशाला? शाल-श्रीफळ देऊ." लिहायला लाज वाटते, पण आम्हीही आधी मान डोलावली. बाहेरून ऑर्केस्ट्रा आणायचा तर आगाऊ रक्कम बिनबोभाट जाते! मोडनिंबच्या बारीत दौलतजादा करणाऱ्याला लोक नावे ठेवतात, पण त्याचा हात निदान खिशात तरी जातो. मोबाइलने आपले कान फुकटे करून ठेवले आहेत.

बराच वाद झाला. अखेर बिदागी ठरली आणि हलगीवाल्यांची वेगळी ठरली. व्हाउचरवर सही करताना पोरगा अडला. "धंदा काय लिहू?" कॅशियरने वर न बघताच सांगितले, "गायक लिही की."

त्याच्या चॅनेलचे नाव प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लिहून ठेवले आहे. ऊस नोंदीला याल तेव्हा उतरून घ्यावे.