सुई नको गं बाई!

रोज सकाळी आमच्या घरी एक छोटासा सोहळा असतो. सासूबाई देवपूजा आटोपून खुर्चीत बसतात, मी इन्शुलिनचे पेन घेऊन समोर उभी राहते, त्या "सुई नको गं बाई!" म्हणतात आणि स्वतःच पदर बाजूला करतात. नऊ वर्षे झाली, त्यात खंड नव्हता.

गेल्या श्रावणात मात्र तो पडला. मोबाइलवर कुणाची तरी जाहिरात आली होती, 'पोटावर पट्टी चिकटवा, सुई विसरा!' सासूबाईंनी भाच्याकडून ती गुपचूप मागवली. माझी शाळेत चाचणी परीक्षेची गडबड. "आज माझं मीच टोचून घेतलं," असे त्यांनी दोन दिवस सांगितले आणि मीही विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांना सारखी तहान, ग्लानी, बोलणेही सुचेना. रक्तातली साखर ३८०! डॉक्टरांनी वेळीच सावरले म्हणून निभावले.

घरी आल्यावर मी रागावणारच होते. तेवढ्यात त्यांनी विचारले, "अगं, तेल अंगात जिरतं, मलम जिरतं. मग इन्शुलिननंच काय घोडं मारलंय?"

मी आपली बी.ए. झालेली, मराठी शिकवणारी. उत्तर येईना. मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठले, पुस्तके चाळली. जे कळले ते मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगावेसे वाटते.

इन्शुलिन हे प्रथिनांच्या कुळातले, ज्याला पेप्टाइड म्हणतात त्या जातीचे औषध. ५१ अमिनो आम्लांचे मणी ओवून तयार झालेली ही माळ. गोळी करून गिळली तर डाळीतले प्रथिन पचते तशी तीही पोटात पचून जाते. म्हणूनच १९२२ साली कॅनडातल्या टोरंटो शहरी एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन पहिल्यांदा दिले, ते टोचूनच. शंभर वर्षे उलटली, तरी सुई काही सुटली नाही.

मग कातडीतून का नाही? कारण कातडी ही आपली राखणदार आहे. तिचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ, पण भलता चिवट. मृत पेशींच्या विटा एकावर एक रचलेल्या आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा. तेल 'जिरले' असे आपण म्हणतो, ते बहुतेक या वरच्या थरातच मुरलेले असते. त्यातून आत जातात ते लहान आणि स्निग्धात विरघळणारे रेणू. प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायच्या औषधी पट्टीला अमेरिकेत १९७९ साली परवानगी मिळाली, तिच्यातले औषध असेच लहान. रेणूचे वजन साधारण ५००च्या आत असेल तर वाट मिळते, असा ठोकताळा आहे. इन्शुलिनचे वजन ५,८००च्या आसपास! शिवाय ते पाण्याच्या गोत्यातले. गिलाव्याशी त्याचे जमणार कसे?

इथे शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. तुम्हाआम्हाला ती चटकन समजेल, कारण ती मोदकासारखी आहे. अंड्याच्या बलकात किंवा सोयाबीनमध्ये लेसिथिन असते. ते पाण्यात घातले की त्याच्या आपोआप इवल्या इवल्या पोकळ पुटिका बनतात. बाहेर स्निग्ध पारी, आत पाणी, आणि त्या पाण्यात सारणासारखे औषध. इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात या पुटिका ओळखल्या. त्यांना लिपोसोम म्हणतात. १९८६ साली फ्रान्समधल्या एका बड्या कंपनीने त्या चेहऱ्याच्या क्रीममध्येही घातल्या. पण या साध्या पुटिका कातडीच्या वरच्या थरातच अडकतात.

पुढची पायरी जर्मनीतल्या म्युनिक शहरी ग्रेगोर त्सेव्ट्स यांनी गाठली. कासाराकडे बांगड्या भरताना आपण हात ताठ ठेवला तर बांगडी चढत नाही. हात सैल सोडला, बोटे जुळवली की तोच हात अरुंद बांगडीतून सरकतो. त्यांनी पारीत साबणाच्या जातीचा एक पदार्थ थोडासा मिसळला आणि पुटिका अशीच लवचिक केली. तिचे नाव ट्रान्सफरसोम. कातडी वर कोरडी आणि आत ओलसर असते. त्या ओलाव्याच्या ओढीने ही पुटिका अंग चोरत फटींतून आत शिरते, असे त्यांचे म्हणणे. अशा पुटिकांमधून इन्शुलिन कातडीपार गेल्याचा त्यांचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला.

मग घोडे अडले कुठे? पुटिका अखंड आत जाते की वाटेतच फुटते, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. आणि खरी अडचण मापाची. आमटीत मीठ कमीजास्त झाले तर चालवून घेता येते, इन्शुलिनचे तसे नाही. कमी पडले तर साखर चढते, जास्त झाले तर माणूस घाम फुटून कोसळतो. कातडी कुणाची जाड, कुणाची नाजूक, उन्हाळ्यात वेगळी, थंडीत वेगळी. रोज नेमके तेवढेच औषध आत जाईल, ही हमी अजून कुणाला देता आलेली नाही. म्हणून सुईची जागा घेणारे इन्शुलिनचे मलम किंवा चिकटपट्टी आजही औषधाच्या दुकानात मिळत नाही. कुणी विकत असेल, तर तो फसवतो आहे असे खुशाल समजा.

तोवर सुईच थोडी सुसह्य करू या. रोज एकाच जागी टोचू नका, गाठी होतात आणि औषध नीट लागू पडत नाही. न उघडलेले इन्शुलिन फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नको. गोठलेले वापरू नका. वापरातले पेन बाहेर किती दिवस चालते ते खोक्यावर लिहिलेले असते, तेवढे जरूर वाचा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका.

हे सारे मी सासूबाईंना मोदकाचा आणि बांगडीचा दाखला देऊन सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "दुखतं म्हणून नव्हतं गं ते. रोज सकाळी तुझी शाळेची घाई, आणि त्यात माझं हे लोढणं."

मला काही बोलताच आले नाही. सुई टोचणाऱ्या हातालाही बरेच काही कळायचे राहून जाते. आता मी गजर दहा मिनिटे आधीचा लावते. आधी चहा, दोन गोष्टी, मग सुई.

"नको गं बाई" मात्र अजून रोज म्हणतात!