वाळुंजाची काडी

वाईजवळ माझ्या माहेरी कृष्णेच्या काठाला वाळुंजाची झाडं आहेत. पाण्याकडे कललेली, लांबट निमुळत्या पानांची. पान उलटं केलं की पांढुरकं. त्याच्या मुळांवर आम्ही धुण्याचे पिळे ठेवायचो. क्रिकेटची बॅट ज्या विलोच्या लाकडाची होते, त्याचंच हे आपल्याकडचं भावंड, हे फार उशिरा कळलं.

सासर यवतमाळजवळ, लोहाऱ्याला. घरामागे नाला. त्याचं खोलीकरण झालं तेव्हा यंत्राने काठावरची सगळी झुडपं उपटली. पुढच्याच पावसाळ्यात काठ ढासळत ढासळत न्हाणीपासून चार हातांवर आला. भिंत बांधायची तर पैसे कुठून आणायचे?

दिवाळीला माहेरी गेले. पाऊस संपता संपता वाळुंज पानं गाळतो, फांद्या घ्यायला तीच वेळ बरी. अंगठ्याएवढ्या जाड आठ काड्या कापल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीत पायाशी ठेवून आणल्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, "काऊन वं, इतक्या दुरून काड्या कायले आणल्या? चुलीत घालाले इथं कमी हायेत काय?"

वाळुंजाचं बी कापसासारखं उडतं, पण त्याची रुजायची ताकद काही दिवसांतच जाते. काडी मात्र ओल्या मातीत सहज मुळं धरते. दोन भाग चिखलात, एक भाग वर, डोळ्यांची तोंडं आभाळाकडे. उन्हाळ्यात नाला आटला तेव्हा भांडी घासलेलं पाणी घातलं. तीन काड्या जगल्या.

सालीचं मोठं कौतुक आहे. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने विलोच्या सालीने ताप उतरतो असं लिहून कळवलं होतं. पुढे त्याच वाटेने १८९७ मध्ये ॲस्पिरिन आलं. म्हणून साल उगाळून पोरांना पाजू नका हं! तापातल्या लहान मुलांना ॲस्पिरिनसुद्धा डॉक्टर देत नाहीत.

चौथ्या वर्षी थंडीत पिवळ्या, सुवासिक तुऱ्यांवर मधमाश्या घोंघावू लागल्या. तिन्ही झाडं नर निघाली! निघणारच, काड्या एकाच झाडाच्या होत्या. यांच्यात नर-मादी झाडं वेगळी असतात. आता मादीची काडी आणायची आहे.

न्हाणीपासून काठ अजून चार हातांवरच आहे. परवा सासूबाईंनीच शेजारणीला काडी कापून दिली आणि वर बजावलं, "उलटी नको गाडजो वं!"