जुन्या लॅपटॉपमधील दुहेरी ग्राफिक्स व्यवस्था : रचना, अडचणी व उपाय
(राजुरा परिसरातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील महाविद्यालयांत संगणकखरेदी ही वरचेवर होणारी बाब नव्हे. अनुदान मिळाले त्या वर्षी यंत्रे येतात आणि पुढे शक्य तितकी वर्षे तीच चालवावी लागतात. त्यामुळे २०१० ते २०१४ या काळातील लॅपटॉप आजही काही विभागांच्या कपाटांत आढळतात. यांपैकी बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, ही गोष्ट मात्र वापरणाऱ्यास ठाऊक असतेच असे नाही. कोणीतरी विंडोज नव्याने बसवून देतो. त्यानंतर रसायनशास्त्राचे प्राध्यापक रेणूची त्रिमितीय रचना दाखवू जातात, तर आज्ञावली उघडत नाही किंवा पडदा काळा होतो. मग 'नादुरुस्त' असा शेरा डेड स्टॉक रजिस्टरमध्ये पडतो व यंत्र निर्लेखनाची वाट पाहू लागते. वस्तुतः अशा प्रसंगी यंत्र बिघडलेले असतेच असे नाही. पुष्कळदा दोन चिपांमधील दुवा सांभाळणारा ड्रायव्हर तेवढा तुटलेला असतो. हा दुवा कसा असतो व तो पुन्हा कसा जोडावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दुहेरी व्यवस्थेची रचना :

एक ग्राफिक्स चिप प्रोसेसरमध्येच अंगभूत असते. ती वीज कमी खाते, पण तिची शक्ती मर्यादित असते. दुसरी चिप स्वतंत्र असून तिला स्वतःची स्मृती असते. ती वेगवान असते, पण तापते व बॅटरी लवकर संपवते. एरवी पहिलीने काम करावे व गरज पडेल तेव्हाच दुसरीने जागे व्हावे, ही या व्यवस्थेमागील कल्पना होय.

ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे दोन मार्ग आहेत आणि दुरुस्तीच्या दृष्टीने त्यांतील भेद फार महत्त्वाचा आहे. पहिल्या मार्गात पडद्याकडे जाणारी वाहिनी एका विद्युत-बदलक्याद्वारे कधी या, तर कधी त्या चिपला जोडली जाते. २००६ मध्ये आलेल्या सोनी वायो एसझेड मालिकेतील लॅपटॉपवर त्यासाठी चक्क एक सरकते बटण होते. ते सरकवून यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. २००८ च्या अखेरच्या अॅपल मॅकबुक प्रोमध्ये लॉग आउट करून भागत असे. दुसरा मार्ग एनव्हिडिया कंपनीने फेब्रुवारी २०१० मध्ये 'ऑप्टिमस' या नावाने जाहीर केला. त्यात पडदा कायमचा अंगभूत चिपलाच जोडलेला असतो. स्वतंत्र चिप चित्र तयार करते व ते संगणकाच्या मुख्य स्मृतीत नेऊन ठेवते. पडद्यावर ते पोहोचवण्याचे काम अंगभूत चिपच करते. गावातील हुशार विद्यार्थ्याने उत्तर लिहून द्यावे आणि व्यासपीठावर ते दुसऱ्यानेच वाचावे, असा हा प्रकार आहे. वाचणाराच आला नाही तर उत्तर कितीही उत्तम असले तरी ते कोणाला ऐकू येणार नाही.

नेमकी येथेच चूक होते. 'इंटेलची चिप कमकुवत आहे, तिचा ड्रायव्हर काढून टाकला म्हणजे एनव्हिडियाची आपोआप सुरू होईल', असा समज सर्वत्र आढळतो. ऑप्टिमस लॅपटॉपमध्ये इंटेलचा ड्रायव्हर काढला की स्वतंत्र चिपचा पडद्याकडे जाणारा एकमेव रस्ता बंद होतो. परिणामी एनव्हिडियाचे नियंत्रण-पटल उघडतच नाही. 'आपला पडदा एनव्हिडिया चिपला जोडलेला नाही' अशा अर्थाची सूचना तेथे येते. ती सूचना अक्षरशः खरी असते, पण वापरणारा तिचा अर्थ चिप जळाली असा घेतो.

विंडोजवरील उपाययोजना :

सर्वप्रथम डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अॅडॉप्टर' या शीर्षकाखाली दोन नावे दिसतात का, हे पाहावे. नावाऐवजी केवळ 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर' दिसत असल्यास ड्रायव्हर नाही एवढाच त्याचा अर्थ होय. चिप कोणाची, हे गुणधर्मांमधील हार्डवेअर आयडीवरून कळते. त्यातील ८०८६ हा क्रमांक इंटेलचा, १००२ हा एएमडीचा व '१०डीई' हा एनव्हिडियाचा असतो. एकच नाव दिसत असेल तर बायोसमध्ये दुसरी चिप बंद करून ठेवली आहे का, हे तपासावे.

त्यानंतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर अधिक चांगला, हा नियम येथे लागू पडत नाही. इंटेल प्रोसेसर व एएमडी चिप अशी जोडी असलेल्या सुरुवातीच्या लॅपटॉपबाबत तर हे विशेष खरे आहे. त्यांत दोन्ही चिपांचा ड्रायव्हर एकाच संचात बांधून लॅपटॉप कंपनीच देत असे आणि एएमडीचा सर्वसाधारण ड्रायव्हर या जोडीला आधार देत नसे. ड्रायव्हर बसवताना इंटरनेट बंद ठेवावे, अन्यथा विंडोज अपडेट मध्येच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून जोडी मोडते. आधी चिपसेट, मग अंगभूत चिप, शेवटी स्वतंत्र चिप हा क्रम सोडू नये. विंडोज १० मध्ये २०१८ पासून कोणत्या आज्ञावलीने कोणती चिप वापरावी हे ठरवण्याची सोय आहे. मात्र जुना ड्रायव्हर ती निवड पाळेलच असे नाही, म्हणून चिपच्या स्वतःच्या नियंत्रण-पटलातही ती करून ठेवावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. ब्लेंडर या मुक्त त्रिमितीय आज्ञावलीच्या २०१९ मधील २.८० आवृत्तीपासून ओपनजीएल ३.३ अनिवार्य झाले. इंटेलची २०११ मधील एचडी ३००० ही अंगभूत चिप विंडोजवर ३.१ पर्यंतच पोहोचते. याचा अर्थ त्याच लॅपटॉपवरील दुसरी चिप जागी झाली तर ब्लेंडर उघडते, एरवी नाही.

लिनक्सचा पर्याय :

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या पिढीच्या यंत्रांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे लिनक्सचा विचार आता टाळता येत नाही. लिनक्सच्या गाभ्यात दुहेरी चिपांसाठीची पहिली सोय २०१० मधील २.६.३४ आवृत्तीत आली. ऑप्टिमसच्या बाबतीत मात्र बराच काळ उपेक्षा झाली. जून २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात याविषयी प्रश्न विचारला गेला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाचा जाहीर व शिष्टाचारात न बसणारा उद्धार केला होता. पुढच्याच वर्षी कंपनीने आपल्या ड्रायव्हरमध्ये प्राथमिक सोय दिली.

आज एएमडीची जुनी चिप असेल तर लिनक्सवर फारसे काही करावे लागत नाही. मुक्त ड्रायव्हर आधीपासूनच बसवलेला असतो. 'डीआरआय प्राइम' या चलाचे मूल्य १ ठेवून आज्ञावली सुरू केली की ती स्वतंत्र चिपवर चालते. एनव्हिडियाच्या जुन्या चिपांचे तसे नाही. फर्मी पिढीसाठीच्या ३९० क्रमांकाच्या ड्रायव्हरचा आधार २०२२ अखेर संपला. 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर त्या पिढीची गती वाढवू शकत नाही, म्हणून चिप सुरू होतानाच्या मंद गतीवरच राहते. अशा यंत्रात स्वतंत्र चिपचा आग्रह सोडून ती पूर्णपणे झोपवून ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते. येथे लिनक्सचा एक अनपेक्षित लाभही आहे. तीच एचडी ३००० चिप लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हरवर ओपनजीएल ३.३ पर्यंत जाते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सविषयीचे पाठ मराठीतूनही उपलब्ध असल्याने प्राध्यापकांना सुरुवात करणे अवघड जाऊ नये.

उष्णता, धूळ व राजुऱ्याची परिस्थिती :

चिप जागी करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर झोपते की नाही हे पाहणे महत्त्वाचे आहे. किंबहुना राजुऱ्यात ते अधिक महत्त्वाचे आहे. लॅपटॉप सामान्यतः ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चालावा अशा बेताने बनवलेले असतात. बल्लारपूर-राजुरा पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा पंख्याखालच्या वर्गातही ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्यात एकीकडे सास्तीसारख्या कोळसा खाणी व दुसरीकडे गडचांदूरचे सिमेंट उद्योग. ही बारीक धूळ पंख्याच्या जाळीत बसते आणि कूलरच्या दमट हवेने तिचा थर घट्ट होतो.

उष्णतेने चिप कशी निकामी होते याचे मोठे उदाहरण २००८ चे आहे. काही लॅपटॉप-चिपांच्या जोडणीतील सदोष साहित्यामुळे होणाऱ्या बिघाडांसाठी एनव्हिडियाने त्या वर्षी जुलैमध्ये १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तापणे-निवणे वारंवार घडले की अशी जोडणी तडकते. त्या काळातील यंत्राचा पडदा रेघांनी भरला असेल, तर मात्र दोष ड्रायव्हरचा नसण्याचीच शक्यता अधिक, आणि तेथे वर सांगितलेल्या उपायांवर वेळ दवडू नये.

प्रोजेक्टर जोडतानाही एक दक्षता घ्यावी. काही मॉडेलमध्ये एचडीएमआयची वाहिनी थेट स्वतंत्र चिपला जोडलेली असते. ती वापरली की तासभराच्या व्याख्यानात ती चिप सतत जागी राहते, मग पडद्यावर साधी अक्षरे असली तरीही. जुनी व्हीजीए केबल अंगभूत चिपला जोडलेली असल्यास उन्हाळ्यात तीच वापरावी. वर्षातून एकदा, शक्यतो होळीच्या सुमारास, पंखा साफ करून चिपवरील थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.

शेवटी जतनाचा प्रश्न उरतो. सोनीने २०१४ मध्ये वायो संगणकांचा व्यवसाय विकला आणि जुन्या मॉडेलची पाने इतर कंपन्यांच्या संकेतस्थळांवरूनही केव्हा नाहीशी होतील हे सांगता येत नाही. यास्तव प्रत्येक मॉडेलच्या ड्रायव्हरचा चालू असलेला संच पेनड्राइव्हवर घेऊन तो ग्रंथालयात नोंदवून ठेवावा, त्यावर मॉडेल क्रमांक व बसवण्याचा क्रम लिहावा, आणि निर्लेखन समितीने 'नादुरुस्त' शेरा मारण्यापूर्वी त्या संचाने यंत्र एकदा तपासून घ्यावे.