एल २, एल ५, एल ७

‘१पी’ने सुरू होणारं फाइलचं नाव दिसलं, की अजूनही मी हातातलं काम बाजूला ठेवतो. १ म्हणजे ऑपॉर्च्युनिटी, नासाने मंगळावर पाठवलेली गाडी. पी म्हणजे पॅनकॅम, तिच्या मानेवरचा जोडकॅमेरा. पुढचे नऊ आकडे म्हणजे १ जानेवारी २००० च्या दुपारपासून तिच्या घड्याळाने मोजलेले सेकंद. शेवटाजवळ डोळा आणि फिल्टर सांगणारी खूण असते : एल २, एल ५, एल ७. एल म्हणजे डावा डोळा. एवढं वाचता आलं आणि थोडा हिशेब केला, की चित्र उघडण्याआधीच कळतं, तिथे तेव्हा सकाळ होती की उन्हं कलली होती.

ऑपॉर्च्युनिटी २५ जानेवारी २००४ रोजी मेरिडियानी प्लेनम या सपाटीवर उतरली. तिची जुळी बहीण स्पिरिट तीन आठवडे आधी ग्रहाच्या दुसऱ्या बाजूला, गुसेव्ह विवरात पोचली होती. दोघींकडून अपेक्षा ९० मंगळदिवसांची. तोवर अशा मोहिमांची मूळ चित्रं शास्त्रज्ञ सहसा काही महिने स्वतःकडे ठेवत. मोहिमेचे प्रमुख स्टीव्ह स्क्वायर्स आणि पॅनकॅमचे प्रमुख जिम बेल यांनी ही प्रथा मोडली. पृथ्वीवर उतरलेलं प्रत्येक चित्र, कुणी निवडण्याची वाट न पाहता, जसंच्या तसं सगळ्यांसाठी खुलं. या दोघांचे, ही चित्रं हौसेने जोडणाऱ्या आमच्यासारख्यांवर मोठे उपकार आहेत. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा, त्यामुळे चित्रं यायची वेळही रोज पुढे सरकायची. कधी ती ऐन जेवणाच्या वेळी येत, कधी पहाटे तीनला.

आणि येत ती काळी-पांढरी. पॅनकॅमला रंग दिसत नाही. १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांची त्याची पाटी फक्त उजेड मोजते. तिच्यापुढे आठ घरांचं चाक फिरतं आणि प्रत्येक फिल्टर एका ठरावीक रंगाचाच उजेड आत सोडतो. एल २ तांबड्याच्याही पलीकडचा, ७५३ नॅनोमीटरचा. एल ५ हिरवा, एल ७ जांभळा. एकाच दगडाची ही तीन चित्रं संगणकावर लाल, हिरव्या आणि निळ्या थरात एकावर एक ठेवायची, ठिपक्याला ठिपका जुळवायचा, की पडद्यावर मंगळ उगवतो. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं.

खरं शिकणं त्याआधीच होतं, तिन्ही चित्रं सुटी सुटी पाहताना. एल २ मध्ये धूळ उजळ दिसते, एल ७ मध्ये तीच काळपट, कारण गंजलेलं लोह निळा-जांभळा उजेड गिळून टाकतं. मेरिडियानीच्या जमिनीवर काही मिलिमीटरच्या गोळ्या पसरलेल्या होत्या. त्यांचा तोरा उलटा : भोवतीच्या मातीच्या मानाने एल २ मध्ये त्या काळसर पडत, म्हणून रंगीत चित्रात निळसर दिसत आणि शास्त्रज्ञांनी त्यांना ब्लूबेरी म्हटलं. त्या हेमॅटाइटच्या निघाल्या, खडकात झिरपलेल्या पाण्यात घडलेल्या. ही गोष्ट वाचणं वेगळं आणि आपल्याच हातांनी थर जुळवताना ती गोळी निळसर होताना पाहणं वेगळं.

मात्र खुल्या केलेल्या चित्रांत एक मोठी अडचण असे. प्रत्येक चित्राचा उजेड-अंधार यंत्र आपोआप ताणून देई, म्हणजे सर्वांत गडद ठिपका काळा आणि सर्वांत उजळ ठिपका पांढरा. तिन्ही चित्रं वेगवेगळी ताणलेली असल्यामुळे मूळ रंगाचं प्रमाण हरवे. सावरायला आधार होता गाडीच्या पाठीवरच्या एका छोट्या तबकडीचा : राखाडी वर्तुळं, कोपऱ्यांत रंगांचे चार तुकडे आणि मध्ये एक उभी कांडी. ही कांडी छायाघड्याळाचं काम करू शकेल हे बिल नाय यांच्या लक्षात आलं आणि तबकडीवर तसं कोरलं गेलं. तबकडीचे रंग पृथ्वीवर मोजलेले असल्यामुळे मंगळावरच्या उजेडाचा अंदाज घेता येतो. हळूहळू तिच्यावरही धूळ बसते, तिचाही हिशेब धरावा लागतो.

रंगाची ही फसगत जुनी आहे. जुलै १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग १ या यानाचं पहिलं रंगीत चित्र घाईने प्रसिद्ध झालं तेव्हा त्यात आकाश निळं होतं. रंग तपासल्यावर ते पिवळसर-गुलाबी निघालं. मंगळावर निळाई दिसते ती मावळतीला, सूर्याच्या भोवती, कारण हवेतली बारीक धूळ निळा उजेड पुढच्या दिशेला जास्त फेकते. मे २००५ मध्ये स्पिरिटने टिपलेल्या सूर्यास्ताकडे मी आजही परत परत जातो.

त्याच सुमाराला, एप्रिलच्या अखेरीस, ऑपॉर्च्युनिटी वाळूच्या एका लाटेत रुतली. पर्गेटरी हे त्या जागेचं नाव. सुमारे पाच आठवडे चाकं फिरवली जात आणि गाडी सेंटिमीटरच्या हिशेबात हले. आम्ही कालचं आणि आजचं चित्र आलटून पालटून उघडत असू आणि चाकाजवळचा मातीचा एखादा खडा सरकला का, हे शोधत असू. ४ जूनला ती सुटली. पुढल्या वर्षी सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया विवराच्या कडेवरून पहिली चित्रं आली. सुमारे पाऊण किलोमीटर रुंदीचा तो खड्डा जोडायला मला कित्येक रात्री लागल्या. शेजारच्या दोन चित्रांतली सावली जुळत नसे, कारण पहिलं आणि शेवटचं चित्र घेण्यात सूर्य सरकलेला असे.

या छंदाने काहींना थेट मोहिमेत नेलं. ब्रिटनमधले डग एलिसन घरी बसून ही चित्रं जोडत. पुढे ते नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत गेले आणि क्युरिऑसिटी या नंतरच्या मंगळगाडीच्या कॅमेऱ्यांवर काम करू लागले. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स या गाडीच्या पॅराशूटवरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांत दडवलेला संदेश हौशी मंडळींनी काही तासांत उलगडला. त्यात जेपीएलचं ब्रीदवाक्य होतं आणि प्रयोगशाळेचे अक्षांश-रेखांशही. नजर तीच ठेवून चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन यांनी २०१९ मध्ये चंद्राची आधीची आणि नंतरची चित्रं ताडून पाहिली आणि तिथे कोसळलेल्या विक्रम या भारतीय यानाचा अवशेष शोधून दिला. नासाने त्यांना श्रेय दिलं.

क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्सचे मुख्य कॅमेरे आपल्या मोबाइलसारखे, एकदा टिपताच रंग देणारे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तिथूनच करावी. मन माझं अजून तीन थरांतच रमतं.

ऑपॉर्च्युनिटी ९० दिवसांऐवजी चौदा वर्षांहून अधिक काळ चालली, ४५ किलोमीटर. जून २०१८ मध्ये साऱ्या ग्रहाला वेढणारं धुळीचं वादळ आलं आणि तिच्या सौरपट्ट्यांवरचा उजेड गेला. १० जूननंतर तिचा आवाज आला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोहीम संपल्याचं जाहीर झालं. एन्डेव्हर विवराच्या आतल्या उतारावर ती १३ मेपासून एक मोठं चौफेर दृश्य टिपत होती. ३५४ चित्रांचं ते दृश्य नंतर जोडून प्रसिद्ध केलं गेलं. खाली डावीकडे त्यातल्या काही चौकटी काळ्या-पांढऱ्याच आहेत. तिथलं एल २ घेऊन झालं होतं, एल ५ आणि एल ७ घ्यायचं राहिलं.

शेजारच्या चौकटींवरून तिथले रंग अंदाजाने भरता येतात. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते केलेलं नाही.