आधी आपली नावं
ठाकुर्लीहून केडगावला जायचं तर एक स्टेशन पुढे कल्याण, तिथून पुण्याची गाडी आणि पुण्यात उतरून दौंडकडे जाणारी पॅसेंजर. “पुन्हा केडगाव? आता काय राहिलंय तिथे बघायचं?” असं घरचे विचारतात. पंडिता रमाबाईंचं, अनाथ मुली आणि विधवांसाठीचं मुक्ती मिशन आहे, एवढं उत्तर त्यांना पुरत नाही. मला तिथे खेचून नेतं ते 1905 साल.

देशासाठी प्रार्थना करताना आधी स्वतःची पापं कबूल करायची, याचा शास्त्राधार थोडक्यात उरकतो. यरुशलेमचा तट पडलेला ऐकून नहेम्या रडला आणि लोकांच्या पापांत त्याने स्वतःला नि बापाच्या घराण्याला धरलं. दानीएल तर चारित्र्याने धुतल्या तांदळासारखा, तरी 9व्या अध्यायात तो अपराध्यांच्या रांगेत उभा राहून क्षमा मागतो. निनवेचा राजा राखेत बसला. 2 इतिहास 7:14 हे वचन हल्ली देशासाठीच्या प्रार्थनासभेच्या बॅनरवर हमखास असतं. कॅथलिकांना 15 ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी येतो. मरिया भारताची आश्रयदातीही आहे, त्यामुळे देशाची आठवण त्या मिस्सेत आपोआपच होते. असो.

आता केडगाव. ऑस्ट्रेलियातल्या उज्जीवन (आध्यात्मिक जागृती) सभांची हकिकत कानी आल्यावर रमाबाईंनी 1903 मध्ये मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी अब्रम्स यांना तिकडे धाडलं होतं. पुढे वेल्समधल्या उज्जीवनाच्या बातम्या आल्या. 1905 च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज सकाळची एक खास प्रार्थना सुरू केली. सत्तरेक जणी जमत. मागणं काय, तर भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन व्हावं, आणि त्यात आम्हीही आलो. हे रमाबाईंनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. देश बदलावा म्हणून बसलेल्या बायकांनी यादीत पहिली नावं स्वतःची घातली! मला सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

सहा महिने हे चाललं. मग 29 जूनच्या पहाटे वसतिगृहातली एक मोठी मुलगी प्रार्थनेत इतकी पेटली, की शेजारणीला ती खरोखरच जळताना दिसली. शेजारीण धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार, तोच तिच्या लक्षात आलं की आग कुठेच नाही. अब्रम्सबाईंनी सांगितलेल्या या प्रसंगात चमत्कार किती, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. मला ती बादलीवाली फार आवडते. भर पहाटे, उपदेशाला न थांबता, पाण्याकडे पळणारी! दुसऱ्या संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाचा 8वा अध्याय शिकवत होत्या. मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडत पापं कबूल करू लागल्या. बाईंना बोलणं थांबवावं लागलं. योगायोग बघा, त्याच अध्यायात दगड मारण्याची भाषा करणारे लोक एकेक करून निघून जातात.

आमच्याकडच्या घरगुती प्रार्थनासभांत देशासाठी मागणं असतंच. पुढाऱ्यांना सुबुद्धी दे, भ्रष्टाचार मिटू दे, तरुणांना वाचव. या यादीत प्रार्थना करणारा कुठेच नसतो. एकदा नगरकडच्या एका आजींनी मध्येच विचारलं, “पोराला नोकरीत चिकटवायला पैसे कोणी दिले, ते बी सांगा की देवाला.” पाळकसाहेब खाकरले आणि गीत सुरू केलं. त्या आजींना सभेचं नेतृत्व द्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

रमाबाईंना देशाची आठवण करून द्यायची गरज नव्हती. आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळाच्या दिवसांत गमावले होते. 1889 च्या मुंबई काँग्रेसला त्या हजर होत्या. तरी त्यांच्या विधवांसाठीच्या शारदा सदनातल्या धर्मांतराच्या वादानंतर पुण्यात त्यांच्याकडे संशयानेच पाहिलं गेलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून. केडगावच्या मिशनमधली माणसं दोन हजारांच्या घरात गेली.

आणि ज्यांना वाटतं की प्रार्थना म्हणजे सरकारपुढे मान तुकवणं, त्यांच्यासाठी 1897 चं प्लेगचं साल आहे. पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांची जी दैना होत होती, ती रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर मांडली. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप झटकून टाकले; रमाबाईंनी पत्र मागे घेतलं नाही.