दांडपट्टा: फिरवणं आणि लढणं
गोंदियात शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठीकाठी, दांडपट्टा फिरवणारी पोरं दिसली की प्रश्न येतोच, ही शिवकाळातलीच विद्या का? दांडपट्टा हे शस्त्र जुनं, यात शंका नाही. त्याला 2024 मध्ये राज्यशस्त्राचा मानही मिळाला. त्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबळ्यात असते. आतली आडवी दांडी धरली की मनगट जखडतं, वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. म्हणून आधी पवित्रे घटवायचे, मग लाठी; पट्टा फार पुढे. शिकवण मात्र बदलत आली. इंग्रजी अमलात 1878 चा शस्त्रकायदा आला आणि ही विद्या तालमी-आखाड्यांत उरली. विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1914 पासून देशी व्यायामाला शिस्तबद्ध शिक्षणाचं रूप दिलं. 1936 मध्ये त्यांचं पथक बर्लिनला प्रात्यक्षिकं दाखवून आलं. तेव्हा आजचे खेळ जसेच्या तसे शिवकालीन म्हणणं घाईचं ठरेल. मला अस्सलपणाची कसोटी वेगळी वाटते. पट्ट्याने लिंबू कापण्यात नेमकेपणा कळतो, पण समोरून वार येत नाही. गदका म्हणजे चामड्याने मढवलेली काठी आणि फरी म्हणजे छोटी ढाल घेऊन दोघं भिडतात, तेव्हाच अंतर आणि हूल समजते. फरी-गदका वगळून नुसतं फिरवणं शिकवलं, तर ती विद्या अर्धीच पोचते.